ठराव नंतर, जोतं आधी: नगरपरिषदेने बांधकाम नियम कसे हाताळावेत

प्रश्न असा आला आहे: "मी एका नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आले आहे. गावातली बरीच बांधकामं विनापरवाना किंवा मंजूर नकाशा सोडून झालेली आहेत. काही सदस्य म्हणतात, शासनाची नियमावली आपल्या गावाला बसत नाही, सभेत ठराव करून नियम बदलून घेऊ. काही म्हणतात, सरसकट सगळ्यांना नोटिसा काढा. नगरपरिषदेला कायद्याने नेमकं काय करता येतं आणि सुरुवात कुठून करावी?"

ताई, या दोन्ही सूचना मी नगररचनेच्या नोकरीत असताना बहुतेक प्रत्येक गावात ऐकल्या. पहिली कायद्यात बसत नाही आणि दुसरी कार्यालयाला झेपत नाही. माझं मत आधीच सांगतो. आजपासून जी बांधकामं सुरू होतील त्यांची जोते तपासणी नेमाने सुरू करा. जोतं म्हणजे पायावरचा, जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा भाग. तेवढं एक काम वेळेवर होऊ लागलं की नियमांत काय बदलायचं आणि जुन्या बांधकामांचं काय करायचं, हे दोन्ही प्रश्न हाताळण्याजोगे होतात.

आधी अधिकाराचं बघू. एके काळी नगरपरिषदांचे आपापले बांधकाम उपविधी असत. २०१३ मध्ये नगरपरिषदांसाठी प्रमाणित नियमावली आली आणि २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, जिला आपण सगळे यूडीसीपीआर म्हणतो. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना क्षेत्र, जेएनपीटी बंदर, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले भाग आणि लोणावळा सोडून ती राज्यभर लागू आहे. त्यामुळे सर्वसाधारण सभेने एकमताने एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) वाढवला किंवा सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, कमी केलं, तरी त्या ठरावाला कायद्यात किंमत नाही. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी असा ठराव रोखू शकतात. वाईट भाग पुढचा आहे. ठरावाच्या भरवशावर कोणी मजला चढवला, तर ते बांधकाम अनधिकृतच राहतं आणि घर त्याचं अडकतं, ठराव करणाऱ्यांचं नाही.

बदलाची वाट मात्र बंद नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजे एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नगरपरिषद फेरबदलाचा प्रस्ताव करू शकते. सभेचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, हरकती-सूचनांसाठी एक महिना, सुनावणी, आणि मग शासनाची मंजुरी. वेळ लागतो. म्हणून ही वाट एफएसआय मागायला वापरू नका. जिथे नियमच अनधिकृत बांधकामाला जन्म देतो आहे, अशा एखाद-दुसऱ्या जागेसाठी ती राखून ठेवा.

अशी जागा कोणती, ते सांगतो. जुन्या बाजारपेठेतला रस्ता जागेवर सहा मीटरचा आहे आणि विकास योजनेत तो बारा मीटरचा दाखवला आहे. दोन्ही बाजूंना वाडे. योजना मंजूर होऊन वर्षानुवर्षं झाली, रस्ता काही रुंद झाला नाही. पण वाड्याचा पुढचा भाग पडायला आला म्हणून मालक परवानगी मागायला गेला, की त्याची पहिली खोली रस्त्यात जाते. मग तो परवानगी मागतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत, रात्रीतून भिंत उभी राहते. अशा रस्त्याला बारा मीटर खरंच हवेत का, की नऊ पुरतात आणि वाहतूक मागच्या रस्त्याने वळवता येते, याचा अभ्यास करून केलेला कलम ३७ चा प्रस्ताव शासनासमोर टिकतो. "आमच्या गावाला नियम बसत नाहीत" एवढ्या वाक्यावर केलेला टिकत नाही.

आणि नियम खरंच बसत नाहीत का, हेही तपासून बघा. आपल्याकडे प्लॉट गुंठ्यांत विकले जातात. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नेहमीची लांब प्रक्रिया नाही. परवानाधारक अभियंत्याने नियमाप्रमाणे केलेला नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. एक गुंठ्याचं घर यात आरामात बसतं. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे २०२ चौरस मीटर, तो यात बसतो. तीन गुंठे झाले की ३०३ होतात आणि तीन-साडेतीन चौरस मीटरने माणूस नेहमीच्या रांगेत जातो. ही गोष्ट प्लॉट घेतानाच कळली तर लोक त्याप्रमाणे ठरवतील, पण गावात ती किती जणांना ठाऊक आहे? नगरपरिषदेच्या दारात एक मोठा फलक लावा: किती गुंठ्याला कोणती कागदपत्रं, किती शुल्क, किती दिवस. एक आणि दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी चार-पाच नमुना नकाशे तयार करून ठेवा. झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेली इमारत वापरायची परवानगी) या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, त्यांची मुदत ठरलेली आहे. मुदतीत मिळतात का, हे विचारणं नगरसेवक म्हणून तुमचं काम आहे. परवानगी मिळवणं सोपं आहे हे लोकांच्या अनुभवाला आल्याशिवाय कारवाईला गावाची साथ मिळत नाही.

एफएसआयबद्दलही बराच गैरसमज आहे. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे, पण त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून रहिवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचं जादा चटई क्षेत्र मिळतं, आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अधिमूल्याचा एफएसआय व टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वेगळा. पूर्वीच्या नियमांत बाल्कनी, जिना, पॅसेज यांची गणितं वेगळी असायची. लोक बाल्कनी बंद करून खोलीत घ्यायचे आणि अख्खी इमारत त्यामुळे अनियमित ठरायची. आता बाहेरच्या रेषेच्या, म्हणजे पी-लाइनच्या आत जे येईल ते सगळं क्षेत्रात धरलं जातं. बाल्कनीचा तो जुना झगडा नियम बदलल्याने बराचसा मिटला, आणि नियम सुधारण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसला.

पण प्रत्येक भंग असा नियम बदलून मिटणारा नसतो. माझ्या लेखी हा फरक फार महत्त्वाचा आहे. चटई क्षेत्र थोडं जास्त झालं, तर ते पुष्कळदा पैसे भरून नियमात आणता येतं. शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून भिंत उठली, तर शेजारच्या स्वयंपाकघरातला उजेड गेला तो गेला. रस्त्याकडची जागा खाल्ली, तर अग्निशमनाची गाडी आत वळत नाही. नियमावलीत अडचणीच्या प्रकरणी मोजमापांत शिथिलता देण्याची तरतूद आहे, पण आरोग्य, अग्निसुरक्षा आणि इमारतीची व शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना बाधा न येता. ही शिथिलता सवलत म्हणून वाटायची वस्तू नव्हे. आणि नाल्यावर, पूररेषेत काही उठलं तर त्याची किंमत गावातली भलतीच माणसं मोजतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांत पाणी कुठवर चढलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या गावाला नदी असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा विकास योजनेच्या नकाशावर उतरल्या आहेत का, हे पहिल्याच महिन्यात विचारा.

आता जोत्याचं. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांची गाठ जमिनीवर पहिल्यांदा पडते ती जोत्यापाशी. मालकाने जोत्यापर्यंत काम झाल्याचं कळवायचं, कार्यालयाने मोजून प्रमाणपत्र द्यायचं, मग वर चढायचं, असा क्रम आहे. कागदावर तो सगळीकडे पाळला जातो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचे अर्ज एकाच दिवशी येतात, म्हणजे इमारत रंगवून झाल्यावर.

जोतं तपासायला फार काही लागत नाही. लांब टेप, मंजूर नकाशाची प्रत, दोन माणसं आणि अर्धा-पाऊण तास. सगळ्यात आधी हद्दीचे दगड शोधायचे. भूमी अभिलेखची मोजणी झालेली नसेल तर टेप लावायची कुठून हेच ठरत नाही, म्हणून मोजणी नकाशाशिवाय फाइल पुढे जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मग चारही कोपऱ्यांवर हद्दीपासून जोत्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. एकाच ठिकाणी घेऊन चालत नाही. प्लॉट तिरका असतो आणि पुढच्या कोपऱ्यावर दीड मीटर असलेलं अंतर मागच्या कोपऱ्यावर नव्वद सेंटिमीटर झालेलं असतं. दोन्ही कर्ण मोजायचे, म्हणजे जोतं काटकोनात आहे की सरकलंय ते कळतं. रस्त्याच्या मध्यापासून माप घ्यायचं, शेजारच्या कुंपणापासून नाही, कारण कुंपणच पुढे आलेलं असू शकतं. जोत्याची उंची रस्त्याच्या आणि गटाराच्या पातळीशी ताडून बघायची. शेवटी कॉलम मोजायचे. नकाशा तळमजला अधिक एकचा आणि कॉलम व सळ्या चार मजल्यांच्या तयारीच्या दिसल्या, तर मालकाच्या मनात काय आहे ते तिथेच समजतं. त्याला त्याच वेळी लेखी कळवायचं की तळमजल्यावर एकाच मजल्याची परवानगी आहे. तारीख आणि ठिकाण उमटणारे फोटो काढून त्याच दिवशी फाइलला लावायचे.

या टप्प्यावर चूक सापडली तर मालकाचे दगड-विटांचे काही थर आणि एखादा कॉलम जातो. तो चिडतो, चार ठिकाणी फोन करतो, पण दुरुस्ती करतो. स्लॅब पडल्यावर तीच चूक सापडली तर प्रकरण वकिलाकडे जातं. भोगवट्याच्या वेळी सापडली तर फ्लॅट विकले गेलेले असतात आणि समोर बिल्डर नसतो, गृहकर्ज काढलेली कुटुंबं असतात. त्या वेळी कुठलाही अधिकारी आणि कुठलीही सभा हातोडा उचलू शकत नाही. उचलावा असं माझंही मन सांगत नाही. म्हणूनच नगरपरिषदेकडे माणसं कमी असतील, आणि ती कमीच असतात, तर त्यांना जुन्या बांधकामांच्या मागे धाडण्यापेक्षा नव्या जोत्यांवर धाडा. लहान प्लॉटच्या घरांत तपासणीची भिस्त परवानाधारक अभियंत्याच्या दाखल्यावर आहे. तिथे दर महिन्याला काही दाखले चिठ्ठी टाकून निवडा आणि प्रत्यक्ष जाऊन मोजा. दाखला खोटा निघाला तर त्या अभियंत्याचा परवाना निलंबित करण्याचा प्रस्ताव करा. असं एकदा झालं की बाकीचे अभियंते स्वतः टेप घेऊन साइटवर जाऊ लागतात.

जोतं मापात आहे म्हणजे इमारत मजबूत आहे असं मात्र नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. इमारत जुनी नव्हती, तिला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. गुन्हा दाखल झाला त्यात बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेचे तत्कालीन मुख्याधिकारी आणि अभियंताही होते. तुमच्यासारख्याच एका गावातली ही गोष्ट आहे. सल्लागाराचा संरचनात्मक स्थैर्याचा दाखला फाइलमध्ये असणं वेगळं आणि त्याने काँक्रीट पडताना साइटवर येऊन सही केलेली असणं वेगळं. दर स्लॅबच्या वेळी सल्लागाराच्या भेटीची नोंद आणि क्यूब चाचणीचा (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासण्याचा) अहवाल मागा. मालकाला फार खर्च येत नाही.

आता नोटिशीकडे येऊ. चालू असलेलं बेकायदा काम थांबवायला एमआरटीपीचं कलम ५४, झालेलं काढायला कलम ५३, आणि शिक्षेसाठी ५२. हत्यारं पुरेशी आहेत. न्यायालयात नगरपरिषद हरते ती बहुतेक वेळा नोटिशीच्या मसुद्यामुळे. नोटीस मिळकत पत्रिकेवरच्या माणसाच्या नावाने निघते आणि तो वारलेला असतो, वारसांची नोंदच झालेली नसते. "आपण अनधिकृत बांधकाम केले आहे" एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या मजल्यावर, कुठल्या दिशेला, किती लांबी-रुंदीचं, याचा पत्ता नसतो. पंचनामा नोटिशीनंतरच्या तारखेचा असतो. खुलासा आला तरी त्यावर निर्णय दिलेला नसतो. अशी नोटीस एका सुनावणीत उडते आणि गावात निरोप जातो की नगरपरिषदेची नोटीस म्हणजे कागद. शंभर कच्च्या नोटिसांपेक्षा मापांसह, हातनकाशासह काढलेल्या दहा नोटिसा बऱ्या.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाची पद्धत घालून दिली आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि जागेवर चिकटवून; म्हणणं मांडायची संधी; कारणांसह अंतिम आदेश; त्यानंतर अपिलासाठी किंवा स्वतः काढून घ्यायला पुन्हा पंधरा दिवस; आणि पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्याच न्यायालयाने सांगितलं की मंजूर नकाशा साइटवर लावलेला असावा, वीज-पाणी जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावं. दोन्ही निकाल मराठीत समजावून तुमच्या बांधकाम आणि पाणीपुरवठा विभागाला एकत्र बसवून वाचून दाखवा. पाणीपुरवठ्याची खिडकी भोगवटा न पाहता नळ देत असेल, तर बांधकाम विभागाने कितीही नोटिसा काढून उपयोग नाही.

जुन्या बांधकामांची यादी करायला नवी एजन्सी नेमण्याची घाई करू नका. ती यादी तुमच्याच इमारतीत, कर विभागात आहे. चतुर्वार्षिक आकारणीच्या वेळी कर निरीक्षक घरोघर जातात आणि वाढलेली प्रत्येक खोली, पत्र्याची शेड, गच्चीवरची खोली नोंदवतात. बांधकाम विभागाला त्या नोंदी सहसा कधी दाखवल्या जात नाहीत. दोन नोंदवह्या शेजारी ठेवा. कर आहे पण परवानगी नाही, अशी प्रत्येक मिळकत आपोआप समोर येते. लोकांना हेही स्पष्ट सांगा की घरपट्टी भरली किंवा दुप्पट कराची शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. निम्मं गाव या समजुतीवर निवांत असतं.

त्या यादीची मग छाननी करा. रस्त्यावर, नाल्यावर, पूररेषेत आणि धोकादायक, हे पहिले. गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची घरं २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित होण्याजोगी आहेत का बघा. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढलेली आहे. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या इतर बांधकामांसाठी एमआरटीपीचं कलम ५२-क आणि त्याखालचे २०१७ चे नियम आहेत, पण नदी-नाले, निळी पूररेषा, संरक्षण क्षेत्र आणि संरचनेने धोकादायक इमारती त्यातून वगळल्या आहेत. उरलेल्यांपैकी मागच्या दाराशी पत्रा टाकून मोरी वाढवलेली घरं सगळ्यात शेवटी घ्या. कायद्यापुढे सगळे समान आहेत हे खरं, पण ज्यातून जीव जाऊ शकतो ते आधी, हा क्रम कुठल्याही न्यायालयापुढे सांगता येतो. तो क्रम लेखी ठरवा आणि सभेपुढे ठेवा, म्हणजे नोटीस कोणाला आधी आली आणि का, याचं उत्तर प्रभागात फिरताना तुमच्याकडे असेल.

एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलं, नगरसेवक म्हणून अशा बांधकामाला मदत केली, किंवा ते काढणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन वा प्रत्यक्ष अडवलं, तर पद जाऊ शकतं. "सदर कारवाई थांबवावी" अशी तुमच्या लेटरहेडवरची एक ओळ त्याला पुरते. म्हणून घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आत्ताच काढून फाइलला लावा, आणि शिफारसपत्रांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून हात आखडता ठेवा.

तरीही नोटीस आलेला मतदार तुमच्या दारात येणारच, आणि त्याला तुम्ही रिकाम्या हाताने पाठवू नये. त्याला सांगा की नोटिशीत दिलेली मुदत आधी वाच. त्या मुदतीत परवानाधारक अभियंत्याकडून आहे तसा नकाशा करून एमआरटीपीच्या कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज दे, पोच घे. कलम ५३ मध्येच ही सोय आहे, आणि अर्ज वेळेत गेला तर त्यावर निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर ते बांधकाम काढता येत नाही. नियमात बसणारा भाग शुल्क भरून राहतो, न बसणारा भाग काढून घ्यायला त्याला वेळ मिळतो. अर्ज नामंजूर झाला तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील चाळीस दिवसांत करायचं असतं. हे त्याला चार ओळींत लिहून द्या, आणि अर्ज किती दिवस कोणाच्या टेबलावर पडून आहे याची चौकशी मात्र दर आठवड्याला करा.